नव्या खिडकीची वर्दी

प्रेमला सकाळपासून एका जागी बसली नव्हती. ओटा दोनदा पुसून झाला. कपड्यांच्या घड्या घालून झाल्या, त्या मनासारख्या नाहीत म्हणून मोडून परत घालून झाल्या. नम्रताला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. नऱ्ह्याला नम्रताचं पाळणाघर होतं आणि तिला दुपारी दोन ते पाच मुलं सांभाळायला बाई हवी होती. "काकू, आज सांगा, नाहीतर मी दुसरी कोणी बघते," ती म्हणाली होती. आणि दोन ते पाच म्हणजे नेमकी माधवची वेळ.

माधव, तिचा नवरा. लहानपणीच दृष्टी गेलेली. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता, मुदतीआधीच निवृत्ती घेऊन धायरीच्या घरात बसला. बसला म्हणजे इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोल्यांत बसला. तिथे अंध लोक कॉम्प्युटरच्या अडचणी विचारत आणि माधव त्या सोडवी. गप्पांचा तो प्रोग्रॅम जुना, नुसत्या अक्षरांचा. स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज त्यातलं सगळं वाची, एक सोडून. कोणी पाठवलेल्या लिंकवर एंटर दाबलं की दुसऱ्या सर्व्हरसाठी नवी खिडकी उघडे आणि काही न बोलता पुढे येऊन बसे. माधव लिही एकीकडे समजून, लिहिलेलं जाई दुसरीकडे.

गेल्या दिवाळीत तसंच झालं. मित्राला, आनंदला, खासगीत लिहिलेलं वाक्य भलत्या खोलीत जाऊन पडलं. वाक्य होतं, 'विश्वजीतला उत्तर नको असतं, श्रोते हवे असतात.' त्या खोलीत, रोज तेच प्रश्न घेऊन येणारा हा विश्वजीत जातीने हजर होता. तेव्हापासून प्रेमलाची खुर्ची माधवच्या शेजारी कायमची लागली. नवी खिडकी दिसली की तिने "आली" म्हणायचं. कुकर शिट्ट्या देत सुटला तरी उठायचं नाही.

आता माधवने यावर स्वतःच स्क्रिप्ट लिहिली होती. प्रोग्रॅमला जोडलेल्या मोजक्या आज्ञा; नवी खिडकी उघडली की त्यांनीच बोलून सांगायचं. आज चाचणी होती. ती जमावी असं प्रेमलाला वाटत होतं, आणि आपल्याला असं का वाटतं ते माधवला सांगितलेलं नव्हतं.

"बस. पण बोलायचं नाही," माधव म्हणाला.

"मी कधी बोलते?"

"तेच ऐकत आलोय लग्न झाल्यापासून."

मधूनच, मनाला येईल तेव्हा खिडकी उघड, असं त्याने मशीनला सांगून ठेवलं होतं. पहिली उघडली. "आली," माधव म्हणाला. बरोबर होतं. दुसरीही बरोबर ओळखली. प्रेमलाने मनातल्या मनात नम्रताला फोन लावलासुद्धा.

"स्क्रिप्ट चालत नाहीये," माधव म्हणाला.

"अहो, दोन्ही बरोबर सांगितल्यात."

"खिडकी दिसली की तू पुढे झुकतेस. खुर्ची कुरकुरते. मी त्या कुरकुरीला उत्तर देतोय. स्क्रिप्टने अजून तोंड उघडलेलं नाही. तू बाहेर जा."

ती बाहेर येऊन भाजी निवडायला बसली. मेथीच्या जुडीत लक्ष लागेना. उठून दारातून डोकावली, तर पडद्यावर तिसरी खिडकी ठाण मांडून बसलेली आणि माधव तिच्यातच खुशाल टाइप करतोय. "आली" हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला. म्हटला असता तर त्या खुर्चीतून सुटका नव्हती, नम्रताला 'नाही' कळवावं लागलं असतं. तिने ओठ मिटून घेतले आणि मेथीकडे परत गेली. देठसुद्धा पातेल्यात पडत होते.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली. "आली होती ना?"

"हो."

"केव्हा?"

"जुडी निवडायला घेतली तेव्हा."

"आणि तू गप्प बसलीस."

"तुम्हीच सांगितलंत."

माधवने मान डोलावली. "चूक माझीच आहे. हा प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडणी झाली की वर्दी देतो. नुसती खिडकी उघडली तर देत नाही, आणि मी त्या वर्दीच्या भरवशावर बसलोय."

"मग आता?"

"आता विचारत राहायचं. सेकंदासेकंदाला मशीनकडून उघड्या खिडक्यांची नावं मागायची आणि मघाच्या नावांशी ताडून बघायची. नुसत्या मोजून भागायचं नाही. एक मिटली, एक उघडली, तर आकडा तोच राहतो."

"सेकंदासेकंदाला? डोकं उठेल."

"मशीनला डोकं असतं तर."

तो पुन्हा लिहायला बसला. प्रेमला गॅलरीत गेली, आत आली, पाणी प्यायली, परत गॅलरीत गेली. मग आतून पत्र्यासारखा आवाज आला, "नवी खिडकी." थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. माधवने तिला हाक मारली नाही. तीच दारात येऊन उभी राहिली.

"मला नम्रताच्या पाळणाघरात बोलावलंय. दुपारचं, दोन ते पाच. आज कळवायचंय."

माधवचे हात थांबले. "हे कधीपासून?"

"महिना होत आला."

"म्हणजे मी हे लिहीत होतो तेव्हा तू..."

"तुमचं जमतंय का ते बघत होते."

"नवी खिडकी," मशीन म्हणालं. दोघांपैकी कोणी हललं नाही.

"आणि एखाद्या दुपारी ही स्क्रिप्ट बंद पडली तर?"

महिनाभर तिला याच प्रश्नाची धास्ती होती. "तर विश्वजीतची माफी मागा," ती म्हणाली. "एकदा मागितलीये, आता शब्द पाठ असतील."

माधव नाकातल्या नाकात हसला. मग हसू गेलं. "चारचा चहा?"

"थर्मासमध्ये ठेवीन."

"थर्मासच्या चहाला थर्मासचाच वास येतो."

"मग स्वतः करा. गॅस कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे."

तो बोटांनी कीबोर्डची कड चाचपत राहिला. प्रेमलाने फोन लावला. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. तिला वाटलं, नम्रताने दुसरी बाई ठेवली की काय.

"प्रेमला," माधव म्हणाला, "बोलायचं तर बाहेर बोल. आणि दार ओढून घे. मला मशीनचं ऐकू येत नाही."

तिने बाहेर येऊन दार ओढून घेतलं. पलीकडून फोन उचलला गेला.

"नम्रता, मी बोलतेय," ती म्हणाली. "सोमवारी येते. दोनच्या आधीच येईन."