पितृपक्षातला परिसंवाद

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तालुक्याच्या गावी शिकले, पदवी घेतली आणि मुंबईत नोकरीला आले. तेव्हा दादरच्या एका अभ्यास मंडळाने मला आपल्यात घेतलं. त्यांच्या कपाटातली पुस्तकं मी घरी नेऊन वाचली. चार माणसांपुढे उभं राहून बोलायला तिथेच शिकले. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढे लिहिते आहे ते कुणाला कृतघ्नपणाचं वाटेल. वाटो.

मंडळी बहुतेक निवृत्त. कुणी बँकेतून, कुणी कॉलेजातून. महिन्यातून एक परिसंवाद व्हायचा. त्या सप्टेंबरचा विषय होता, ‘ब्रिटनने युरोपीय संघातून कसे बाहेर पडावे?’ पडावे का, असा प्रश्न नव्हता. कसे, एवढाच. लंडनहून आमच्याकडे सल्ला मागायला माणूस आला असावा इतक्या गांभीर्याने तयारी चालली होती.

तारीख पितृपक्षातली धरली होती. त्या पंधरवड्यात लग्न-मुंजी नसल्यामुळे हॉल अर्ध्या भाड्यात मिळतो. पितृपक्ष हे थोतांड आहे असं मंडळातले सगळेच म्हणत, पण त्याची सवलत मात्र दरवर्षी न चुकता, श्रद्धेने घेत.

मी तेव्हा गिरगावात एका काकींकडे पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. काकी मूळच्या गोव्याच्या. पोर्तुगीज राज्य असताना तिथे जन्मलेल्या, लग्न होऊन गिरगावात आलेल्या. अशा माणसांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो. काकींचा मुलगा लोअर परळच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्याने खूप खेटे घालून ते मिळवलं आणि त्यापायी भारताचा पासपोर्ट परत केला. सगळा हिशेब एवढाच, की पोर्तुगालचा माणूस तो युरोपचा माणूस, आणि युरोपचा माणूस ब्रिटनमध्ये कुणाला न विचारता राहू शकतो, काम करू शकतो. लंडनजवळच्या एका गावात त्याचा मित्र हॉटेलात होताच.

आणि इकडे याचा पासपोर्ट हातात पडतो तोवर ब्रिटन युरोपातून निघालं. ऑक्टोबरअखेर जाणार म्हणत होते, आणि तिथे पोचून कागदपत्रं व्हायला महिना तरी लागणार होता.

पितृपक्ष लागल्या लागल्या मित्राचा फोन आला. त्याचा मालक आत्ता माणूस घेत होता. दहा दिवसांत ये, नंतरचं मालकालाही ठाऊक नाही, असं तो म्हणाला.

“पितृपक्षात पोराला घराबाहेर काढू?” काकी म्हणाल्या. “द्वादशीला त्याच्या बापाची तिथी. पान कोण वाढणार? दसरा होऊ दे, मग जा.”

“आई, तोवर दार लावलं त्यांनी तर?”

“एवढा मोठा देश असा दार लावतो? वाण्याचं दुकान आहे काय रे ते?”

“वाणी बरा. तो फळीवर लिहून तरी जातो कधी उघडणार ते.”

दोन दिवस हेच चाललं होतं. शेवटी काकी माझ्याकडे वळल्या. “बाय, तुझी ती शिकलेली माणसं याच्यावरच बोलणार ना? त्यांना विचार की, दसऱ्यानंतर गेला तर चालेल का म्हणून.”

“तुम्हीच चला. प्रश्नोत्तरं असतात शेवटी,” मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं, की इतकी वाचलेली माणसं, कुणीतरी सांगेलच.

काकी ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि दुसऱ्या रांगेत बसल्या.

आमच्याकडे कुणी कोणती बाजू मांडायची हे चिठ्ठ्या टाकून ठरे. विचार निःपक्ष राहतो म्हणे. त्यामुळे महिनाभर युरोपला शिव्या घालणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला ‘जाऊच नये’ ही चिठ्ठी आली आणि युरोपवाचून ब्रिटनचं कसं पानही हलत नाही हे त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. दुसऱ्यांनी ‘एका फटक्यात जावे’ मांडलं. तिसरे ‘हळूहळू जावे’वाले. ते खरोखरच इतके हळूहळू बोलले की घंटा दोनदा वाजवावी लागली. नॉर्वेची पद्धत झाली, कॅनडाची झाली, स्वित्झर्लंडची झाली. मासे कुणाचे, बंदर कुणाचं, आयर्लंडची सीमा कुठून जाते, यावर टेबलावरचा पेला आणि पेपरवेट मांडून नकाशा तयार झाला.

ही तीच माणसं, ज्यांच्या मंडळात पूर्वी फूट पडली होती. फुटलेले चौघे शिवाजी पार्कच्या बाजूला दुसरं मंडळ काढून बसले, आणि जुना माइक कुणाचा हा वाद अजून सुटलेला नाही. माइक एकाच्या माळ्यावर, त्याची वायर दुसऱ्याच्या. पण आयर्लंड चुटकीसरशी सोडवणार!

अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते. मुलीकडे एक उन्हाळा काढल्यापासून ते “आमच्या मँचेस्टरला” असं बोलत. त्यांचा समारोप घरूनच टाईप करून आणलेला असे. वाद कुठेही गेला तरी समारोप ठरलेल्या ठिकाणी पोचत असे.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तशा काकी उठल्या. पदर सारखा केला.

“माझ्या मुलाकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे. त्याला तिथे नोकरीला बोलावलंय. तो दसऱ्यानंतर गेला तर चालेल का, की आत्ताच जायला हवं?”

हॉल हसला. वाईट हसला असं नाही. लहान मुलाने मोठ्यांत काही बोलावं तसा हसला.

“दसऱ्याचा मुहूर्त ब्रिटिश पार्लमेंटला कळवायला हवा,” ‘एका फटक्यात’वाले म्हणाले. पुन्हा हशा.

“काकू,” प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, “आपण इथे तत्त्वाची चर्चा करतोय. व्यक्तिगत प्रश्न नकोत.”

“तत्त्व असू दे हो. राहता येईल की नाही, तेवढं सांगा.”

“ते अंतिम करारावर अवलंबून आहे.”

“आणि करार झाला नाही तर?”

“तर ते... करार न होण्याच्या स्वरूपावर अवलंबून आहे.”

काकींनी एकेका वक्त्याकडे पाहिलं. अजून काही येईल असं त्यांना वाटलं असावं. मग बसल्या. एकाही माणसाने ‘मला माहीत नाही’ असं म्हटलं नाही. तेवढं म्हणाले असते तरी मी आज हे लिहिलं नसतं. त्यानंतर ब्रिटनने टप्प्याटप्प्याने, परस्पर सामंजस्याने बाहेर पडावे असा ठराव झाला. सूचक, अनुमोदक, टाळ्या.

आभार नेहमी माझ्याकडे. तरुण मुलीने आभार मानायचे असा तिथला रिवाज. ‘उद्बोधक’ आणि ‘अभ्यासपूर्ण’ हे शब्द मी पाठ केले होते. ते तोंडून निघेनात. मी हॉलवाल्याचे, माइकवाल्याचे आणि चहावाल्याचे आभार मानले आणि खाली बसले. वक्ते राहिले, असं अध्यक्षांनी बोटाने खुणावून दाखवलं. मी पायातली चप्पल बघत राहिले.

परत येताना बसमध्ये काकी खिडकीशी बसल्या. लालबाग गेलं. मला वाटलं, अपमान झाला म्हणून रडतील. भायखळ्याला सिग्नलवर बस थांबली तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, “किती शिकलेत गो हे सगळे?”

“खूप.”

“आणि कुणालाच ठाऊक नाही.”

“नाही.”

“मग कुणीच सांगणार नाही आपल्याला.” त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. तिकडे बघतच म्हणाल्या, “माझा बाप गोव्यात जन्मला, मी गोव्यात जन्मले, म्हणून पोराला तो पासपोर्ट मिळाला. पितरांनीच दिलेला तो. मग त्यांच्या पंधरवड्यात निघाला तर ते कशाला अडवतील?”

“आणि काकांची तिथी?”

“पान मी वाढीन. कावळा काय पासपोर्ट बघतो?”

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आत त्यांनी मुलाला सांगितलं, “तिकीट काढ.”

“काय म्हणाले ते लोक?”

“काही नाही. म्हणून तर काढ.”

चाळीतल्या दोघीतिघी कुजबुजल्या, पितृपक्षात पाठवतेय म्हणून. दशमीला दुपारच्या विमानाने तो गेला. द्वादशीला काकींनी वडे केले, खीर केली आणि गच्चीवर जाऊन पान ठेवलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन सोबत गेले होते. कावळा यायला वेळ लागला. काकी हात जोडून हळू आवाजात म्हणाल्या, “पोचलाय तो. कामाला लागलाय. काळजी नको.” कुठल्याही परिसंवादात मी इतका सरळ अहवाल ऐकलेला नाही.

ऑक्टोबर संपत आला तशी बातमी आली, की ब्रिटनचं जाणं लांबलं. तारीख पुढे गेली. म्हणजे दसऱ्यानंतर जाऊनही चाललं असतं. तिथी मुलाच्या हातून झाली असती, बायकांची बोलणीही बसली नसती. मंडळात मात्र आनंदीआनंद. ‘टप्प्याटप्प्याने’ या ठरावाची दखल घेतली गेली असं प्राध्यापक फोनवर म्हणाले, आणि ते विनोद करत नव्हते. पुढच्या परिसंवादाचा विषय होता, ‘ब्रिटनने किती लांबवावे?’ आभार मानशील ना, असं त्यांनी विचारलं. त्या दिवशी गावी जायचं आहे, असं मी सांगितलं. जायचं नव्हतं.

काकींना बातमी सांगायला मी कचरत होते. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. सांगितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

“म्हणजे एवढा देश, आणि त्यांना ठरल्या दिवशी निघता आलं नाही?”

“नाही.”

“माझा निघाला,” काकी म्हणाल्या आणि सूप पुन्हा उचललं.