खांद्यातल्या खुंट्या

माझ्या उजव्या खांद्याच्या हाडात तीन खुंट्या बसवलेल्या आहेत. ज्या डॉक्टरबाईंनी ऑपरेशन केलं त्या त्यांना अँकर म्हणतात. वालाच्या दाण्याएवढी एकेक, आटे पाडलेली, धातूचीही नाही, कसल्याशा कडक प्लास्टिकची, आणि मागच्या टोकाला निळा-पांढरा दोरा. ऑपरेशनच्या आधी बाईंनी एक नमुना माझ्या तळहातावर ठेवला होता. नोकरीभर मी जे लोखंड उचललं त्याच्यापुढे ते काहीच नव्हतं. मला हसू आलं. आता नाही येत.

मी कर्जत यार्डातला पॉइंट्समन. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. ती गाडीला जोडायची, कपलिंगची कडी उचलून आकड्यात टाकायची, फिरवून आवळायची, ब्रेकचे पाइप जोडायचे आणि बाजूला व्हायचं. गाडी हलली की हात वर करून ड्रायव्हरला दाखवायचं, सगळं ठीक आहे. तोही हात दाखवणार. नियमच आहे तसा. दिवसा हात किंवा झेंडी, रात्री दिवा. हे इतक्या वेळा केलंय की त्यात आता माझं डोकं नसतंच. गाडी आली की हात जातो.

त्या दिवशी पाऊस नव्हता की घाई नव्हती. कडी आकड्यावरून घसरली आणि मी ती सोडली नाही, एवढंच. खांद्यात कापड फाटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी केसातून कंगवा फिरेना. मग गावातल्या एकाने तेल चोळून दिलं, दुसऱ्याने हाड बसवणाऱ्याचा पत्ता दिला, आणि हे सगळं करून थकल्यावर आम्ही पनवेलला दवाखान्यात गेलो.

बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण न कंटाळता सांगत होत्या. खांद्याचा स्नायू हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथून तो सुटलाय. हाडात खुंटी बसवायची आणि तिच्या दोऱ्याने स्नायू ओढून हाडाला बांधून ठेवायचा.

"म्हंजे खुंट्याला दावं बांधल्यागत," माझी बायको म्हणाली.

"अगदी तसंच. पण खुंटा कायमचा धरत नाही हां. मांस हाडाला परत चिकटेपर्यंतच धरतो. चिकटायचं काम त्यांच्या शरीराचं. सहा आठवडे हा हात स्वतःच्या ताकदीने वर करायचा नाही. एकदासुद्धा नाही."

"म्हणजे बँकर की हो," मी म्हणालो. "चढण संपेपर्यंत मागून रेटायचं, वर पोचलं की काम संपलं."

बाई खूश झाल्या. पुढच्या पेशंटला हेच सांगेन म्हणाल्या. मीही स्वतःवर खूश झालो. घाटात एखादी गाडी वर न पोचता मध्येच थांबते तेव्हा काय होतं हे मला चांगलं माहीत होतं, पण ते काही मी त्यांना सांगितलं नाही.

हात बरा होणं न होणं माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. सुट्टी संपली की रेल्वेच्या डॉक्टरसमोर उभं राहायचं. हात पूर्ण वर गेला तर परत यार्डात. नाही गेला तर कुठल्यातरी ऑफिसात टेबलावर, निवृत्तीपर्यंत. पगार सुटत नाही, लोक म्हणतात बरंच आहे की. मला ते बरं वाटत नव्हतं. यार्डाच्या कामाला मी रोज शिव्या घातल्या आहेत, पण गाडी माझ्या हातावर सुटते हे मला आवडायचं. माझ्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नाही.

आमचं घर पळसदरीच्या पुढे, रुळाला लागून. दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं आणि मला पडवीत आरामखुर्चीत बसवून सगळं घर भातकापणीला गेलं. आडवं झोपलं की खांदा ठणकायचा, म्हणून झोपही खुर्चीतच. बायको पहाटे उठून मला सदरा चढवायची, बटणं लावायची, हात झोळीत अडकवायची, आणि विळा घेऊन निघायची. संध्याकाळी आली की आधी झोळी बघायची, मग पाणी प्यायची. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय रं, मजा हाय बाबा तुजी!" पहिल्यांदा मी हसलो. नंतर नंतर पाठ करून बसायला लागलो. धडधाकट शरीर आणि एक बांधलेला हात घेऊन कापणीच्या दिवसांत खुर्चीत बसणं म्हणजे काय, हे त्यांना कसं कळावं.

गाड्या मात्र होत्या. चढणाऱ्या गाडीचा आवाज ठाकुरवाडीकडे जाईपर्यंत कानात राहतो. आणि वर पोचवून बँकर रिकामे खाली यायला लागले की ड्रायव्हरांना सवड असते. यार्डात बातमी पसरली होती. आमचं घर आलं की ते दोनदा हॉर्न वाजवायचे. त्यातला एक कल्याणचा. त्याच्याबरोबर मी आयुष्यभर चहा प्यायलोय. तो तर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात दाखवायचा. मी मान हलवायचो. दिवसातली तेवढीच गोष्ट मला आवडत होती.

"हात बांधलाय तरी जीव त्या रुळावर," बायको म्हणायची. "जरा गप पडा की."

पाचव्या आठवड्यात आंघोळीपुरती झोळी काढायची परवानगी मिळाली. ओणवं व्हायचं, हात सैल सोडायचा आणि नुसता लोंबू द्यायचा, एवढाच व्यायाम. त्या सकाळी बायकोने मला आंघोळ घातली, पाठ पुसली आणि टॉवेल पिळायला वळली. मी पडवीत उघडा उभा होतो. उन्हात बरं वाटत होतं. खांदा दुखत नव्हता, आणि बऱ्याच दिवसांनी मला वाटलं की हे आता संपत आलं.

वरून बँकर आले. दोनदा हॉर्न वाजला. कल्याणवाला खिडकीतून बाहेर आला, हात वर केला. आणि माझा हात गेला.

पूर्ण वर गेला. डोक्याच्या वर, सरळ, झेंडी धरतात तसा. मी त्याला सांगितलं नव्हतं. वर पोचल्यावर मला कळलं की तो वर आहे, आणि मग खांद्यात आतून कट् झालं. इंजिनं निघून गेली. हात माझ्या अंगाशी कसा आला ते आठवत नाही.

बायको दारात होती. तिने सगळं पाहिलं होतं. मला वाटलं आता ओरडेल. ती आली, झोळी उचलली, हात त्यात ठेवला, पट्टा आवळला.

"दुकतंय?"

"नाही," मी म्हणालो.

"खोटं नका बोलू," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. तिला मी लग्नापासून कधी अशी भर सकाळी, कामं पडलेली असताना, नुसती बसलेली पाहिली नव्हती. मला तिची फार दया आली, आणि स्वतःचा इतका राग आला की तो कुणावर काढावा कळेना.

दोन दिवसांनी पनवेलला पुन्हा तपासणी झाली, एमआरआय काढला. बाईंनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अँकर तिन्ही जागेवर आहेत," त्या म्हणाल्या. "दोराही तुटलेला नाही."

"मंग चांगलंच की!" बायकोचा चेहरा उजळला.

बाईंनी फिल्मवरची एक जागा पेनाने दाखवली. मग सांगितलं, की स्नायूच दोऱ्यातून फाटून सुटलाय. सगळा नाही, पण बराचसा. तो पुन्हा बांधायला धड जागा उरलेली नाही. उरलाय त्याला व्यायामाने जपू.

बायको फिल्मकडे बघत होती. "खुंटा हाय, दावं हाय," ती हळूच म्हणाली, "बैल गेला."

बाईंनी मान हलवली. कसं झालं ते त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर जरा बरं वाटलं असतं.

व्यायाम मी इमानाने केले. भिंतीवर बोटं चालवली, दाराला दोरी बांधून ओढली, काठीने हात रेटला. हात खांद्यापर्यंत येतो आणि थांबतो. रेल्वेच्या डॉक्टरने दोनदा वर करायला सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. आता मी कर्जतलाच एका खोलीत टेबलाशी बसतो. खोलीला खिडकी आहे, पण ती बाजाराकडे उघडते.

कल्याणवाल्याला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्याला जन्मभर हॉर्नला हात लावताना माझा खांदा आठवेल. त्याने काय केलं, ओळख दाखवली. विचारलंच तर म्हणतो, वय झालं, भरून आलं नाही. मात्र घराजवळून जाताना हॉर्न वाजवायचं त्याने सोडलं नाही, आणि मी पडवीत बसायचं सोडलं. सुट्टीच्या दिवशीही मी आतच असतो. जेवढा हात वर येतो तेवढा दाखवला तर त्याला त्या सकाळचा सरळ हात आठवेल, आणि कळेल. डावा दाखवला तरी कळेल.

परवा रविवारी बायको अंगणात वाल वाळत घालत होती. मी आत पलंगावर पडलो होतो. बँकर खाली येताना ऐकू आले. दोनदा हॉर्न. मी हललो नाही. थोडं थांबून पुन्हा दोनदा. त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

मी खिडकीशी गेलो. बायकोने वालाची पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि रुळाकडे तोंड करून उजवा हात सरळ वर केला. कोपरात न वाकवता, पंजा उघडा, अगदी आमच्यासारखा. कुठे शिकली कोण जाणे. इतकी वर्षं बघत असणार. शेवटचं इंजिन वळणाआड जाईपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.

मग आत आली. मी खिडकीशी उभा दिसल्यावर जराशी ओशाळली.

"इचारीत व्हता तो," ती म्हणाली. "कोनी तरी सांगाय नको?"

"काय सांगितलंस?"

"सगलं ठीक हाय," ती म्हणाली, आणि चुलीकडे गेली.