फेरी रद्द करणारा माणूस

भगवंतराव दर्यापूरच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. मी त्याच आगारात मेकॅनिक होतो. कोणती गाडी कुठे सोडायची हे ते ठरवत. ती गाडी चालण्याजोगी करून देणं माझं काम.

त्यांचं काम चोख होतं. असं मी सहसा कोणाबद्दल म्हणत नाही. गाडी बिघडली की ते खुर्चीतून निरोप पाठवत नसत. वर्कशॉपमध्ये येऊन खाली वाकून बघत आणि विचारत, "शेषराव, निंगते का नाई?" मी नाही म्हटलं की पुन्हा विचारत नसत. लगेच दुसऱ्या सोयीला लागत.

राखीव गाडी आगारात एखादीच असायची, आणि तीही बहुतेक वेळा माझ्याकडे उघडून ठेवलेली. सकाळची अकोल्याची गाडी पडली की कुठल्यातरी खेड्याची गाडी काढून अकोल्याला लावावी लागे. भगवंतराव उतारू बघत. जिथे माणसं कमी, ती फेरी रद्द. मग त्या खेड्यातली माणसं खिडकीशी जमत. जाईबाई नावाची भाजीवाली त्यांना तोंडावर म्हणायची, "काहो साहेब, रद्द कराले आमचंच गाव दिसते का तुमाले? आमी काय फुकट बसतो?"

ते उभं राहून ऐकून घेत. "बाई, त्या गाडीत साठ माणसं हायेत, तुमच्या गाडीत नऊ. तुमीच सांगा, कोणती सोडू?"

जाईबाई रिकामी टोपली डोक्यावर घेऊन शिव्या देत पायी निघे.

निवृत्तीनंतर त्यांच्या पत्नीचं, मैनावहिनीचं, दुखणं निघालं. हृदयाची झडप खराब झाली होती. अंगण झाडायला घेतलं की अर्ध्यावर बसावं लागे. अमरावतीच्या डॉक्टरांनी दिल्लीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. तिथे ऑपरेशनची तारीख मिळायलाच वर्ष गेलं. ती जानेवारीतली मिळाली. रविवारी दुपारपर्यंत भरती व्हायचं, सोमवारी ऑपरेशन. रेल्वेचा रात्रभराचा प्रवास तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ही तारीख चुकवू नका, हेही बजावलं. उन्हाळा ती काढेल याची खात्री ते देत नव्हते.

मुलगा अमोल पुण्यात नोकरीला. त्याने शनिवारी संध्याकाळची नागपूर ते दिल्ली तिकिटं काढली, सगळ्यात स्वस्त कंपनीची. तो स्वतः पुण्याहून आधीच दिल्लीला पोचणार होता. चाकाची खुर्ची ढकलायला आणि सामान उचलायला माणूस हवा म्हणून मी बरोबर निघालो.

मी भगवंतरावांना म्हटलं होतं, "संध्याकाळची काहून घेतली? सकाळचा लेट शेवटच्या फेरीवर येऊन पडते, हे तर तुमीच सांगत होते."

ते हसले. "विमान हाये ते शेषराव. एसटी हाये का?"

नागपूरला पोचलो तेव्हा स्वच्छ ऊन होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. मैनावहिनी खुर्चीत, अंगावर दोन शाली. फळ्यावर आमचं विमान आधी एक तास उशिरा दाखवत होते, मग दोन, मग तीन. दरम्यान महाग तिकिटाच्या दुसऱ्या कंपनीचं दिल्लीचं विमान आमच्या डोळ्यांदेखत गेलं. अंधार पडल्यावर फळ्यावर आमचं विमान रद्द झालं, कारण खराब हवामान.

लोक काउंटरवर तुटून पडले. एक जण म्हणाला, "दिवसभर ऊन पडलं होतं, खराब हवा तुमच्या घरात होती का?" कोणी टेबलावर हात आपटत होतं. भगवंतराव बाजूला उभे राहिले. गर्दी ओसरल्यावर आम्ही खुर्ची पुढे नेली. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर दामिनी असं नाव होतं.

"बेटा, आपली गाडी सकाळी कुठून निंगाली होती?" भगवंतरावांनी विचारलं.

"खराब हवामानामुळे आपल्याला झालेल्या..." ती पाठ केलेलं बोलू लागली. मग वहिनीकडे पाहून थांबली. पोरगी अकोल्याची निघाली, आमच्याच बोलीवर आली. "दिल्लीहून, काका. पहाटे निंगाची होती. तिथं धुकं होतं, त पार साडेदहाले निंगाली."

"मंग?"

"एकच विमान दिवसभर फिरते. पाटणा, परत दिल्ली, इंदूर, मंग आपलं नागपूर. मधात थांबाले टाइमच ठेवत नाईत. सकाळचा लेट भरून निंगत नाई."

"राखीव?"

"स्वस्त कंपनी हाये, काका. उभं विमान परवडत नाई."

"ते दुसरं गेलं नं पन."

"त्यायच्यापाशी जास्तीचं विमान हाये. धुक्यात उतरवाचं ट्रेनिंग झालेले पायलटबी हायेत. आमच्याकडं असे कमी. अन् आजच्या पायलटायचे ड्युटीचे तास सरत आले. विमान इंदूरले उभं हाये. तिथून सीधं दिल्लीले जाता येते, इकून फिरून जाता येत नाई. कायदा हाये तसा. सकाळची पहिली फेरी दिल्लीहूनच हाये, म्हणून विमान तिथं पोचवून राहिले."

"आमच्या फेरीत माणसं किती होते?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "चौपन्न."

"अन् इंदूरले सोडली त्या फेरीत?"

"पूर्ण भरली होती."

भगवंतरावांनी मान हलवली. "बरोबर हाये," ते म्हणाले.

मी खुर्चीच्या मागे होतो. वहिनीची मान सावकाश त्यांच्याकडे वळली.

"काय बरोबर हाये?"

"अवं, मी हिशोब पाहून राहिलो."

"त्या चौपन्नात मी हाये का नाई?"

दामिनीने टेबलाखालून पाण्याची बाटली काढून पुढे केली. वहिनीने ती घेतली नाही.

कंपनी सोमवार सकाळची जागा देत होती. दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवून द्यायची तिची पद्धत नव्हती. रविवारच्या सगळ्या विमानांत अडकलेली माणसं आधीच बसली होती. धुक्यामुळे दिल्लीच्या रेल्वेगाड्याही अर्धा-अर्धा दिवस मागे होत्या. दिल्लीत अमोल वॉर्डाच्या दारात भांडत राहिला. खाट रिकामी ठेवता येत नाही, असं त्याला सांगितलं गेलं. रविवारी दुपारी ती यादीतल्या पुढच्या माणसाला मिळाली. आम्हाला मे महिन्यातली तारीख दिली.

त्या शनिवारी रात्री विमानतळाची खुर्ची दारात परत करावी लागली. टॅक्सीपर्यंत वहिनीला मी एका बाजूने धरलं, भगवंतरावांनी दुसऱ्या. मध्येच तिने त्यांच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. भार काही नव्हताच.

त्यानंतर ती नवऱ्याशी कामापुरतं बोलली. जेवून घ्या. गोळी द्या. दार लावा. मार्चच्या सुरुवातीला, ऊन अजून नीट तापलंही नव्हतं, तेव्हा एका सकाळी ती उठली नाही.

तेरवी झाल्यावर भगवंतराव माझ्याकडे आले. मी सायकलचं मागचं चाक खोलून बसलो होतो. ते ओट्यावर टेकले.

"शेषराव, मी तिथं टेबलावर हात आपटून भांडलो असतो, त विमान आलं असतं का?"

"नाई."

"इस्पितळानं खाट ठेवली असती?"

"नाई."

"मंग काहाले भांडाचं होतं?"

मी पाना खाली ठेवला.

"वहिनीले आयकू गेलं असतं," मी म्हटलं.