ढुंढिराजाचा दहावा

पंचवटीतला ढुंढिराज सरकारी कचेरीत कारकून होता आणि त्याला एकच खोड होती. पानावर वरण पडलं, की तो विचारायचा, "जेवतोय तो कोण?" "ज्याला भूक लागलीय तो," म्हणून गोदावरी तूप वाढायची. शरीर मी नव्हे, नाव मी नव्हे, मग मी कोण? प्रश्न थोरच. पण सहा वर्षांची इरा तापाने फणफणलेली असताना बाप डोळे मिटून तो सोडवत बसला, तर बायकोने काय करावं?

एक्क्याण्णवच्या सिंहस्थानंतर साधूंची जमात परत निघाली, तिच्यामागोमाग हाही गेला. सांगितलं नाही, पुढे पत्रही नाही. पत्र लिहिणारा मी कोण, इथेच अडलं असावं. गोदावरीने बालवाडीत शिकवून इराला वाढवलं. ती ना धड सवाष्ण, ना विधवा. हिला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर बायका कुजबुजायच्या. पुढच्या सिंहस्थात ती रोज घाटावर जाऊन जटाधाऱ्यांची तोंडं बघायची. ढुंढिराज मात्र, कुणी ओळखेल या धास्तीने, तेव्हा नाशिककडे फिरकलाच नाही.

बारा वर्षं बेपत्ता असलेल्याचं जे करतात ते मग थंडीत तिने केलं. पळसाच्या देठांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ. इराने हट्टाने स्वतः अग्नी दिला.

त्याच थंडीत तिकडे उत्तरेत ढुंढिराज आजारी पडला. पाणी द्यायला कुणी नव्हतं. मी कोण ते अजून सापडलं नव्हतं, पण गोदावरीच्या हातचं वरण हवंय एवढं पक्कं कळलं. बरं वाटताच तो निघाला. घरी पोचला तर दाराला कुलूप. शेजारणीने त्या दाढीवाल्याला ओळखलं नाही. म्हणाली, "गोदाताईंच्या यजमानांचा आज दहावा. सगळी रामकुंडावर गेलीत."

रामकुंडावर पिंड मांडला होता. कावळे होते, पण शिवत नव्हते. गोदावरी हात जोडून म्हणाली, "इराचं शिक्षण मी पुरं करीन. आता कशात जीव अडकलाय? सुटा." कावळे ढिम्म. गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा करायला लागले. ढुंढिराज मागे येऊन उभा होता. जीव कशात अडकलाय, हे तिथे त्या एकट्यालाच ठाऊक होतं.

"गोदा," तो पुढे झाला. "मी आहे. मीच."

तिने आवाजावरूनच ओळखलं. गुरुजींच्या हातातला दर्भ गळला. "यालाही विधी आहे," ते चाचरत म्हणाले. "यांचा नव्याने जन्म झाला असं मानायचं. बारसं, मुंज सगळं पुन्हा. मग तुमच्याशीच पुन्हा लग्न. ताई, तुमची मात्र संमती हवी."

"करतो. सगळं करतो," ढुंढिराज घाईने म्हणाला. नाव मी नव्हे म्हणणारा माणूस बारशाला तयार झाला होता.

गोदावरीचे डोळे भरून आले. तिला राग आला होता आणि त्याची हाडं वर आलेली बघून कीवही. "जाताना यांनी मला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय. माझं रडून झालंय, गुरुजी. पुढचं चालू द्या."

ढुंढिराजाने इराकडे पाहिलं. ती पिंडाकडे बघत होती.

तो वळला आणि कठड्याला धरून घाटाच्या पायऱ्या चढू लागला. तो निम्म्यावर पोचला तेव्हा मागून इराचा आवाज आला, "आई, शिवला."