बसलेल्या बाईच्या नाकाशी

माझी मैत्रीण रूथ गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी कांदा चिरत होते. झोपेतच गेली... रडणं तेव्हाच झालं. शिसारी आली ती पुढच्या आठवड्यात, ती राहुरीजवळच्या ज्या खासगी शेती संशोधन केंद्रात नोकरी करायची तिथल्या शोकसभेत. हिरवळीवर खुर्च्या, टेबलावर हार घातलेला तिचा फोटो, आणि नाकात शिरणारा उग्र वास. माळीकाकांना विचारलं, तर म्हणाले, "मुंग्या लई झाल्या हुत्या, म्याडम. सकाळीच औषध टाकलं, वर पानी बी मारलंय. आता काळजी न्हाई."

या 'काळजी न्हाई'शी भांडण्यातच रूथचं आयुष्य गेलं. मातीला धरून बसलेलं औषध पाणी मिळालं की सुटतं आणि ऊन चढलं की वाफ होऊन वर येतं. किती, केव्हा, कुठवर, याचं गणित ती संगणकावर मांडायची. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. नुकत्याच भिजवलेल्या कांद्याच्या रानात खुरपणाऱ्या बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसलेल्या. रूथ धावलीच. "उचला भाकरी, बांधापलीकडं चला!" एक मावशी हसली, "अवो ताई, पानी दिलंय की. समदं मुरलं." "मुरलं नाही मावशी, आता उठतंय ते."

त्या दिवसापासून ती बसलेल्या बाईच्या नाकाशी किती वाफ येते ते काढू लागली. जमिनीलगत ती जास्तच असणार. केंद्राच्या साहेबांना ते पटेना. "माणूस उभा आहे असं धरा ना, बाई. आकडे बरे येतात." हे तिनंच मला सांगितलं होतं. औषध टाकून भिजवलेल्या रानात त्या दिवशी जेवायला बसू नका, एवढं एकच वाक्य तिला शेतकरी मेळाव्यात सांगायचं होतं. दरवेळी साहेबांनी ते गाळलं.

आणि शोकसभेत तेच साहेब म्हणाले, "रूथबाईंच्या गणितानं आम्हाला दिशा दिली." मग त्याच हिरवळीवर बसून चहात बिस्किट बुडवू लागले. मी उठले, मोठ्यानं म्हटलं, "चहा उचला, व्हरांड्यात चला." एकही जण हलला नाही. मग मी फोटोच उचलला आणि चालू लागले.

केंद्रातून फोन येतात, फोटो सभागृहात लावायचाय म्हणे. आधी तिचं ते वाक्य लावा, मी सांगते. पलीकडून फोन ठेवतात. तोवर रूथ माझ्या स्वयंपाकघरात आहे, वारा येतो त्या खिडकीत. मी जेवायला बसते तेव्हा बरोबर माझ्या नाकासमोर येते.