दादाभाऊचे अठ्ठेचाळीस नॉट

माझा धाकटा भाऊ दादाभाऊ जानकू याने एकतीस वर्षे विमाने ढकलली.

लहान विमान शेडमधून बाहेर काढायचे असले किंवा पुन्हा आत न्यायचे असले, तर ते माणसाला हाताने ढकलावे लागते, हे पुष्कळ लोकांस ठाऊक नसते. आमच्या येडगावपासून तीन तालुके पलीकडे विमान शिकवण्याची एक शाळा आहे. तेथील विमाने दोन किंवा चार माणसे बसण्याजोगी असतात. दादाभाऊ ती ढकलत असे, पुसत असे, त्यांत इंधन भरत असे आणि वारा सुटला की दोरांनी जमिनीला बांधून ठेवत असे. आमच्या साक्षरता वर्गाच्या पुष्पाताईंनी ओळखीच्या एका मनुष्याविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा मला दुसरा कोणी सुचला नाही.

आमचे वडील मेंढरे राखीत. आम्ही दोघे भाऊ लहानपणी त्यांच्यामागे पुष्कळ चाललो. मी कळपाच्या पुढे असे. दादाभाऊ चालण्यात मंद होता, म्हणून वडील त्याला सर्वांत मागे ठेवीत आणि नुकती जन्मलेली कोकरे त्याच्या घोंगडीच्या खोळीत देत. मुक्कामाला तो सर्वांच्या नंतर पोहोचे. मी त्याला "गोगलगाय आली" असे म्हणत असे. तो हसे. पुढे मेंढरे विकली, मी शेती धरली आणि तो विमानांच्या नोकरीला लागला. त्याला मूलबाळ झाले नाही व त्याची पत्नी सोनीबाई लवकर वारली. तो शाळेजवळच्या एका खोलीत एकटा राहू लागला.

दिवाळीला घरी आला की तो मला वेगाच्या गोष्टी सांगे.

"दादा, सनवारी समदी पायलट पोरं शेडमधी च्या प्यायला बसत्यात," तो म्हणे. "मग एकेकानं सांगायचं, आजवर आपलं सगळ्यात जास्त किती. एक म्हनतो, एकशे अठरा नॉट. दुसरा म्हनतो, ह्या, आमचं एकशे एकतीस. मग तिसरा म्हनतो, तुझ्या पाठीशी वारा व्हता लेका, ते तुझं न्हवं, वाऱ्याचं! लई भांडत्यात. ज्याचा आकडा मोठा, त्याला पयला कप."

नॉट हे विमानाच्या वेगाचे माप आहे. एक नॉट म्हणजे तासाला दोन किलोमीटरांहून थोडे कमी.

"आन तुला इचारत्यात का न्हाई?" मी विचारले.

"इचारत्यात की. शेवटाला इचारत्यात. मी सांगतो, माझं चार. ढकलताना."

तो स्वतः कधीही विमानात बसून उडाला नव्हता. तरीही कोणत्या पायलटचा आकडा किती, हे त्याला तोंडपाठ होते. मला त्या गोष्टींचा कंटाळा येई. खरे लिहायचे तर मला त्यांचा हेवाही वाटे. कारण पाहुणे माझे कांद्याचे पीक न विचारता त्याची विमाने विचारीत.

माझी मुलगी प्रांजल हिच्या साखरपुड्यात माझ्याकडून चूक झाली. मांडवात व्याही मंडळी बसली होती. दादाभाऊ त्यांना सांगत होता, की त्याच्या शाळेतील प्रतिभा मॅडम यांनी एकशे बेचाळीस नॉट गाठले. व्याही माना डोलावीत होते. मी चहाचा ट्रे घेऊन आलो आणि सर्वांसमोर म्हणालो,

"पावणं, ह्याचं काय ऐकता? मेंढरामागं ह्यो शेवटाला असायचा. आता इमानाचं शेपूट धरून मागं असतो. जल्मात म्होरं गेला न्हाई, आन येग सांगतोय लोकाचा!"

सगळे हसले. दादाभाऊनेही हसण्याचा प्रयत्न केला. त्याने कप खाली ठेवला, सुंदराला, म्हणजे माझ्या पत्नीला, "वैनी, येतो," इतके म्हणाला आणि एस.टी. थांब्याकडे निघून गेला. त्यानंतर दोन दिवाळ्या तो आला नाही.

तिसऱ्या वर्षी माघ महिन्यात त्याचा फोन आला. त्याच्या नोकरीला तीस वर्षे पूर्ण झाली होती. शाळेने त्याला काय हवे ते विचारले होते आणि त्याने एकदा विमानात बसण्याची इच्छा सांगितली होती. प्रतिभा मॅडम त्याला नेणार होत्या.

"कुठं जायाचं इचारलं, तर मी म्हनलं, येडगाव," तो म्हणाला. "दादा, परवा धा वाजता आपल्या रानावर येतो. ओझरच्या देवळावरून वळून धरनाच्या पान्यावरून येनार. तू एक कर. पांढरं धोतर रानात पसर. वरनं मानूस दिसत न्हाई, पांढरं दिसतं."

"बरं," मी म्हणालो.

तो पुढे म्हणाला, "आनि दादा, मला आता नोकरी सोडून घरी यावं वाटतंय. रानाच्या कडंला एक खोली बांधीन. पर तू बोलावल्याबिगर न्हाई यायाचा. धोतर दिसलं, तर मी समजंन तू बोलावलंस. दिसलं की मॅडमना सांगून इमानाचं पंख दोनदा हालवीन."

त्याच वेळी मी "ये" असे म्हणावयास हवे होते. मी "बघू" म्हणालो. मी थोरला होतो. फोनवर लगेच हो म्हणणे मला कमीपणाचे वाटले. मनात मात्र त्याला बोलवायचे हे मी त्याच क्षणी ठरवले होते.

ठरलेल्या दिवशी मी सकाळी पेटीतून घोंगडे काढले. आमच्या समाजात मानाच्या माणसाला घोंगड्यावर बसवतात. देवकार्याला घोंगडे अंथरतात, सोयरीक घोंगड्यावर ठरते. ज्याच्यासाठी घोंगडे पसरले, त्याला घरात घेतले, असा त्याचा अर्थ आहे. हे घोंगडे वडिलांचे होते, आमच्याच मेंढरांच्या काळ्या लोकरीचे. नेसून विटलेले धोतर भावासाठी जमिनीवर टाकावे, हे माझ्या मनाला पटेना.

सुंदराने पाहिले. ती म्हणाली, "अवं, भाऊजींनी धोतर सांगितलंय न्हवं?"

"धोतर काय पसरायचं? धोतर वाळत घालत्यात. भाऊ यायलाय माजा."

"त्यास्नी दिसाया पायजे ना पर!"

"धोतरापरीस घोंगडं मोठं हाय. न दिसाया काय झालं? तुला काय कळतंय इमानातलं?"

"तुमाला लई कळतंय," ती म्हणाली आणि भाकरीकडे वळली.

मी रानात गेलो. आठ दिवसांपूर्वी ऊस तुटून गेला होता व मी पाचट पेटवले होते. बांधापासून बांधापर्यंत सर्व रान जळून काळे झाले होते. त्या काळ्या रानाच्या मध्यभागी मी काळे घोंगडे पसरले. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. वाऱ्याने एकही कोपरा उचलू नये, याची मी फार काळजी घेतली. नंतर मी घोंगड्याच्या बाजूला उभा राहिलो. घोंगड्यावर पाय दिला नाही, कारण ते त्याच्यासाठी होते.

दहा वाजून गेल्यावर पाण्याच्या बाजूने आवाज आला. पांढऱ्या रंगाचे, निळ्या पट्ट्याचे विमान होते. ते फार हळू आले. मावळतीचा वारा समोरून होता आणि विमान जणू त्या वाऱ्यावर थबकून चालले होते. मी दोन्ही हात वर केले. ते रानावरून गेले. वळून पुन्हा आले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही आले. पंख हलले नाहीत. मग ते उगवतीला तोंड करून निघाले, आणि वारा पाठीशी मिळताच पाहता पाहता दिसेनासे झाले.

मी असे समजलो, की त्याने मला पाहिले. तीन वेळा पाहिले आणि पंख हलवले नाहीत. साखरपुड्यातील अपमान त्याने अशा रीतीने परत केला, असे माझ्या मनाने घेतले. मी घोंगडे झटकले व घरी आलो. त्यावर राख बसली होती.

"दिसलं का त्यास्नी?" सुंदराने विचारले.

"दिसलं. पर आता तो मोठा झालाय. वर बसतोय."

"एक फोन तरी करा की."

"तो करंल."

त्याने केला नाही. अनेकदा मी फोन हातात घेतला. तेव्हा मला नावे वाचता येत नव्हती, परंतु त्याचा नंबर कोणत्या बटणावर आहे ते मला माहीत होते. अंगठा तेथपर्यंत जाई आणि परत येई. असे अकरा महिने गेले. पौष महिन्यात एका सकाळी तो कामावर आला नाही, म्हणून शाळेतील माणसे खोलीवर गेली. तो झोपेतच गेला होता. हृदय थांबले, असे डॉक्टरांनी सांगितले. अग्नी मी दिला.

तेराव्यानंतर मी त्याची पेटी आणण्यास त्या शाळेत गेलो. शनिवार होता, हे मी ठरवून केले नव्हते. शेडमध्ये बाकांवर पायलट मुले चहा घेत बसली होती. मी आत येताच ती उठून उभी राहिली. प्रतिभा मॅडम पुढे आल्या. त्या साधारण माझ्या प्रांजलच्या वयाच्या आहेत. त्यांनी मला बसवले आणि पहिला कप माझ्या हातात दिला.

"काका, दादाभाऊंचं नाव निघालं की आम्हाला अठ्ठेचाळीस आठवतं," त्या म्हणाल्या.

मला समजले नाही. तेव्हा आदेश नावाचा एक पायलट म्हणाला, "त्यांचा आकडा, काका. येडगावहून आल्यावर आम्ही विचारलं, दादाभाऊ, आता तरी चारच्या पुढं गेलात का? तर म्हणाले, अठ्ठेचाळीस. आम्ही लई हसलो. म्हटलं, अहो, एस.टी. जाते एवढ्यानं! सगळे जास्तीत जास्त सांगतात, आणि तुम्ही कमीत कमी सांगताय."

"मग काय म्हनाला?"

"म्हणाले, माझा थोरला भाऊ खाली उभा होता. त्याला मला नीट बघता यावं, म्हणून वाऱ्याच्या तोंडावर जेवढं हळू जाता येतं तेवढं न्यायला लावलं. त्यानं माझ्यासाठी घोंगडं पसरलं होतं. तुम्हाला नाही कळायचं, म्हणाले, घोंगडं पसरणं काय असतं. त्या दिवशी पहिला कप आम्ही त्यांना दिला."

मी कप बाकावर ठेवला. मी म्हणालो, "त्याला दिसलं व्हतं? मग पंख का हालवलं न्हाई त्यानं?"

मुले मॅडमकडे पाहू लागली. प्रतिभा मॅडम मला शेडच्या बाहेर घेऊन गेल्या.

"काका, रागावू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी शेजारीच होते. आम्ही तीन फेऱ्या मारल्या. ते सारखे म्हणत होते, मॅडम, पांढरं बघा, पांढरं. खाली सगळं जळलेलं काळं रान होतं. कुठं काही नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, चला. पोरांपुढं ते घोंगड्याचं बोलले, तेव्हा मी गप्प राहिले. तुमची लाज राखायला बोलले, असं मला वाटलं."

"मॅडम, घोंगडं व्हतं," मी म्हणालो. "म्या पसरलं व्हतं. काळं हाय ते. मी तितंच उभा व्हतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग त्या विमानाच्या चाकाजवळ जमिनीवरच बसल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मी पेटी घेऊन घरी आलो. सुंदराला सर्व सांगितले. ती मला धोतरावरून बोलली असती, तर बरे झाले असते. घोंगड्यावरची राख अजून पूर्ण गेलेली नाही. ती धुऊ म्हणते, मी धुऊ देत नाही.

माझ्या भावाने माझी अब्रू राखण्यासाठी तेथे सर्वांना एक खोटी गोष्ट सांगितली. ती खरी होती. ती खरी आहे, हे त्याला सांगू शकेल असा मनुष्य जगात मी एकटाच होतो, आणि मी अकरा महिने त्याच्या फोनची वाट पाहत बसलो.