पहिल्या पसंतीचा रकाना

मी भरलेला फॉर्म कधी चुकत नाही, असं मी वर्षानुवर्षं मिरवत आले. ज्युनियर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते, पण लोक मला ओळखतात ते फॉर्मवाल्या मॅडम म्हणून. बारावीचा निकाल लागला की माझ्या दारात चपलांचा ढीग पडतो. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, जो तो आपलं पोरगं घेऊन येतो आणि उंबऱ्यातूनच म्हणतो, "मॅडम, तुमीच भरा की. आमाला त्यातलं काय कळतंय?" हे वाक्य मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

माझी एक पद्धत होती. एक जाड वही, तिच्यात प्रत्येक मुलाचं एक पान. पानावर लॉगिन, पासवर्ड आणि वडिलांचा मोबाइल नंबर. पासवर्ड मीच ठरवायचे, सगळ्यांचा जवळपास सारखा, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको. कोणतं कॉलेज पहिलं, कोणतं दुसरं, हे मुलांनी कागदावर लिहून द्यायचं आणि मी ते लॅपटॉपवर चढवायचं. मूल शेजारी बसायलाच हवं असं काही नव्हतं. उलट बसलं की माझा पारा चढायचा. "मॅडम, हे जरा वर घ्या, ते खाली घ्या," अशी भुणभुण सुरू झाली की मी सरळ बाहेर काढायचे. बाहेर बस, झालं की हाक मारते.

हे सगळं माझ्यात आलं कुठून, तेही सांगते. मी कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. घरात कन्नड, शाळेत मराठी. बारावी झाल्यावर माझं शिक्षण संपल्यातच जमा होतं, दोन स्थळं येऊन बघूनही गेली होती. तेव्हा आमच्या एका सरांनी कुणालाही न विचारता माझा अर्ज सोलापूरच्या कॉलेजात टाकला. प्रवेश झाला तेव्हा घरी येऊन वडिलांना म्हणाले, "आता पाठवावीच लागेल." वडील सरांना नाही म्हणू शकले नाहीत. त्या एका अर्जावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. त्यामुळं मुलांचं भलं शिक्षकाला कळतं आणि शिक्षकानं ते परस्पर उरकून टाकलं तरी चालतं, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं. सरांनी मला जे हवं होतं तेच केलं होतं, एवढी साधी गोष्ट मी विसरले.

सहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. घरी तेलुगू बोलणारं, पिढ्यान् पिढ्या विणकामातलं कुटुंब. मुलगी अबोल, पण प्रयोगशाळेत तिचे डोळे बदलायचे. एकदा तिनं दोन नॅपकिन आणले, दोन्ही लाल. एक धुतला की बादलीभर पाणी लाल व्हायचं, दुसऱ्याचा थेंबभर रंग सुटत नव्हता. "मॅडम, सूत तेच, कारखाना तोच. मग ह्याचा रंग का जातो आणि ह्याचा का नाही?" मी पुस्तकात होतं तेवढं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, हे मला दिसलं. पुढच्या आठवड्यात ती तीन नॅपकिन घेऊन आली.

सीईटीत तिला चांगले मार्क पडले. तिनं पसंतीक्रमाचा कागद आणून दिला. चौकटीच्या वहीचं पान, पट्टी धरून आखलेलं. पहिल्या रकान्यात मुंबईचं एक सरकारी कॉलेज, वस्त्रोद्योगातल्या रंगरसायनांचा अभ्यासक्रम. सोलापुरातलं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग होतं सहाव्या नंबरावर.

मी कपाळाला हात लावला. "अगं, मागाच्या आवाजातून बाहेर पड म्हणून तुझे वडील तुला शिकवतायत आणि तू शिकून परत टॉवेलच्याच कारखान्यात जाणार? कॉम्प्युटर घे. पुण्यात नोकरी लागेल, एसीत बसशील."

ती म्हणाली, "मॅडम, मला रंगाचंच शिकायचंय."

"बघू," मी म्हणाले. माझ्या "बघू"चा अर्थ काय असतो, हे त्या पोरीला कळायचं काही कारण नव्हतं.

फॉर्म पक्का करायच्या शेवटच्या दिवशी साइट रडतखडत चालली होती. ती आईबरोबर कुठल्याशा दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभी होती. स्वतःचा फोन तिच्याकडे नव्हता. मी तिचा कागद समोर घेऊन बसले. मुंबई पहिलं टाकलं, मग थांबले. एकटी मुलगी, मुंबई, हॉस्टेल. शिकून काय, तर कापड रंगवणार. आणि आणखी एक गोष्ट, जी मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितली नाही. निकालानंतर कॉलेजच्या गेटवर मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स लागतो. त्यावर फोटोखाली "कॉम्प्युटर इंजिनिअरिंग" लिहिलेलं शोभून दिसतं. मी मुंबई दुसऱ्या नंबरावर नेलं आणि सोलापूरचं कॉम्प्युटर पहिल्यावर आणलं.

पक्कं करायला ओटीपी लागतो आणि तो वडिलांच्या मोबाइलवर जायचा. मी फोन लावला. पलीकडे मागांचा असा धडधडाट की माझंच बोलणं मला ऐकू येईना. ते बाहेर येईपर्यंत मी थांबले.

"बोला, मॅडम."

"मेसेज आलाय बघा. सहा आकडे सांगा."

त्यांना आकडे तेलुगूतच मोजायची सवय. "नालुगु, सुन्ना, येडु, रेंडु, रेंडु, आरु," त्यांनी सावकाश वाचले, आणि कन्नडमुळं ते मला लगेच कळले. कशाला पाहिजेत, काय भरलंय, काही विचारलं नाही. वर म्हणाले, "लई उपकार झाले, मॅडम." मी आकडे टाकले आणि बटण दाबलं.

पहिल्या यादीत तिला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं. नियम असा की पहिली पसंती मिळाली की जागा पक्की, पुढच्या फेरीत जाता येत नाही. हा नियम मला तोंडपाठ होता. दर वर्षी मीच मुलांना तो बजावून सांगते.

ती सायबर कॅफेतून प्रिंट घेऊन स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, मी पहिलं मुंबई लिहिलं होतं."

"मी बदललं," मी म्हणाले. "तुझ्या भल्यासाठी. आज राग येईल, चार वर्षांनी पेढे घेऊन येशील."

ती प्रिंटकडे बघत राहिली. तिनं कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग म्हणाली, "बरं, मॅडम." आणि गेली. मी बाजूच्या मॅडमना म्हणाले, पोरींना आपलं हित कळत नाही.

त्याच दुपारी मी मुंबईच्या त्या कॉलेजची यादी उघडून पाहिली. शेवटचा प्रवेश ज्या मुलाला मिळाला होता, त्याच्यापेक्षा हिचे मार्क बरेच वर होते. मी पान बंद केलं आणि कुणाला काही बोलले नाही.

पेढे आलेच नाहीत. आला तो टॉवेल. दर दिवाळीला तिचे वडील घरी येऊन एक जाड, मऊ टॉवेल देऊन जायचे. "मुलगी विंजिनेर झाली तुमच्यामुळं," म्हणायचे. चहा घ्यायचे आणि कपबशी स्वतः विसळून ठेवायला निघायचे, तेव्हा मीच हातातून काढून घ्यायचे. ते टॉवेल मी वापरले नाहीत. कपाटात वरच्या फळीवर थप्पी झाली. कामाला येणाऱ्या बाईंनी विचारलं, मॅडम, जपून कशाला ठेवलेत? मी म्हटलं, पाहुण्यांसाठी.

मधे एकदा सात रस्ता चौकाजवळच्या एका ऑफिसात माझं काम निघालं. काउंटरपलीकडे तीच बसली होती. दुकानदारांना बिलाचं सॉफ्टवेअर घालून द्यायचं आणि ते बंद पडलं की फोनवर समजावायचं, अशी नोकरी. पुण्याला जमलं नाही म्हणाली, वडिलांचं गुडघ्याचं दुखणं. तक्रारीचा सूर नव्हता. माझं काम तिनं पटकन करून दिलं. निघताना तिची नजर माझ्या पदरावर गेली. काठाचा निळा रंग पांढऱ्यात उतरला होता. तिनं काउंटरवरून हात पुढे करून पदराचं टोक दोन बोटांत धरलं, उलटं करून पाहिलं, उजेडाकडे धरलं.

"मॅडम, हे गरम पाण्यात टाकलं होतं का? आता गार पाणीच घ्या. ह्यांनी रंग पक्का न करताच विकलीय साडी." आणि एकदम हात मागे घेतला. "सॉरी, मॅडम."

तेवढ्यात तिच्या टेबलावरचा फोन वाजला आणि ती कुठल्याशा दुकानदाराला कोणतं बटण दाबायचं ते सांगू लागली. मी रिक्षात बसले आणि रडले. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

एवढं होऊनही मी तिच्याशी बोलले नाही. माफी मागायला माझी जीभ रेटली नाही, कारण मागितली तर ती "असू दे, मॅडम" म्हणाली असती आणि मी सुटले असते. असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, बस.

यंदा तिचे वडील धाकट्या मुलीला घेऊन आले. तिची बारावी झाली होती. त्यांनी नेहमीप्रमाणं म्हटलं, "मॅडम, हिचाबी तुमीच भरा की. मोबाइल नंबर तोच हाय." मी सवयीनं वही उघडली.

धाकटी उभीच राहिली. थोरलीसारखी अबोल नव्हती. "मॅडम, कागदपत्रं बघून द्या. पण पासवर्ड मी ठेवणार. आणि फॉर्म मी स्वतः भरणार. अक्कानं सांगितलंय."

"गप गं!" वडील ओरडले. त्यांचं तोंड उतरलं. "मॅडम, लहान हाय ती, तिचं मनावर घेऊ नका."

मी वही मिटली. त्या क्षणी बोलले नसते तर जन्मात बोलले नसते. म्हणाले, "ती बरोबर बोलतेय. तुमच्या थोरलीनं पहिलं मुंबई लिहिलं होतं. मी तिला न विचारता बदललं. तुम्ही मला फोनवर सहा आकडे दिलेत ना, ते मी त्यासाठी वापरले. तिला मुंबई मिळालं असतं. माझी चूक झाली. दर दिवाळीला तुम्ही टॉवेल आणता आणि मला तो हातात घ्यायची लाज वाटते."

मला वाटलं, ते उठून जातील. निदान आवाज चढवतील. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मला ठाव हाय, मॅडम."

"काय ठाऊक आहे?"

"तिनं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं की. लई रडली. म्हणाली, नाना, मॅडमकडं चला, कॉलेजात चला, कायतरी करा. मीच तिला दटावलं. म्हणलो, मॅडमनी केलंय म्हणजे बरोबरच असंल. मोट्या माणसाला जाब विचारतेस व्हय? तवापासनं ती त्यातलं काय बोललीच न्हाय."

धाकटी बापाकडे बघत होती. तिला हे माहीत नसावं.

मी तिच्यासमोर लॅपटॉप सरकवला आणि खुर्चीवरून उठले. पहिल्या रकान्यात ती काय लिहिते ते मी पाहिलं नाही. ओटीपीचा मेसेज आला तेव्हा वडिलांनी सवयीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "तिला द्या," मी म्हणाले. त्यांनी मोबाइल तिच्याकडे वळवला आणि तरीही मोठ्यानं वाचू लागले, एकेक आकडा, सावकाश, तेलुगूत.